छप्पर असलेला भ

रायरांचा मला हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, तरी स्टाफरूममधला पंखा बंद केला की माझ्या पोटात ते जुनं दुखणं सुरू होतं. पोटात दुखणं म्हणजे काय, हे पुण्यात कुणाला समजवावं लागत नाही. आमच्या तंजावरच्या मराठी घरांत मात्र पोटात दुखतंय म्हटलं की लोक ओव्याचं पाणी करून आणतात. तेही मी खूपदा प्यायले आहे. गुण आला नाही.

रायर हे काही त्यांचं नाव नव्हे. इथल्या मराठी बोलणाऱ्या घरांतल्या पुरुषांना तमिळ लोक रायर म्हणतात. माझे वडील रायर, काका रायर, समोरचे बँकेतले गृहस्थही रायर. पण आमच्या कॉलेजात 'रायर' म्हटलं की शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस यायचा. गावभर वाटलं गेलेलं नाव एकट्याच्या खिशात कसं जातं, हे मला कधी कळलं नाही.

आमच्या कला विभागात शिकवणारे आम्ही दोघंच. ते चित्रकला शिकवायचे, मी कलेचा इतिहास. मी पुण्याला जाऊन शिकून आले होते, देवनागरी लिहीत-वाचत होते, आणि हे दोन्ही मी कुणाला विसरू देत नव्हते. रायरांचं मराठी नुसतं तोंडातलं. घरात पिढ्यान् पिढ्या बोललेलं, जुन्या वळणाचं, तमिळ हेल काढून म्हटलेलं. लिहायचं झालं तर तमिळ, नाहीतर इंग्रजी. मला ते 'पोरी' म्हणत. वयाचा मान म्हणून मी त्यांना मामा म्हणायची. पण तमिळमध्ये पोरी म्हणजे चुरमुरे, त्यामुळे विद्यार्थ्यांत माझं नाव चुरमुरे मॅडम पडलं. त्यांचं काय, ते रायरच राहिले.

त्यांच्या शबनममध्ये एक लहानशी दुर्बीण असायची. पांढरी वेष्टी म्हणजे इकडचं धोतर, रंगांचे डाग पडलेला शर्ट आणि डोळ्याला दुर्बीण, अशा अवतारात ते मोठ्या देवळाच्या आवारात उभे दिसायचे. परदेशी पाहुण्यांना वाटायचं, कुणी विद्वान शिल्पं पाहतो आहे. एकदा एका गोऱ्या बाईंनी अदबीनं विचारलं, काय पाहता आहात? रायरांनी दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि लांबच्या एका मंडपातली ट्यूबलाइट दाखवली. म्हणाले, ही एका सुपारीवाल्यानं दिलेली आहे.

ट्यूबलाइटची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमच्याकडे देवळाला कुणी काही दिलं, म्हणजे दिवा, बाक, पायरी, पाण्याची टाकी, तर त्यावर देणाऱ्याचं नाव रंगवतात आणि नावाआधी तमिळमध्ये 'उपयम्' असा शब्द लिहितात. अमुक अमुक यांजकडून, असा त्याचा अर्थ. उच्चार 'उबयम्' असा. ट्यूबलाइटवर हे नाव इतकं ठळक काळ्या रंगात लिहितात की खाली उजेडापेक्षा सावली जास्त पडते. लोक त्यावर हसतात. रायर हसत नसत. ते देवळात जायचे ते ही नावं वाचायलाच. देव सगळीकडे तोच, म्हणायचे, दाते वेगवेगळे.

आमच्या स्टाफरूमच्या पंख्यावरही असं नाव होतं. कधीकाळी कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका कारकुनानं तो दिला होता आणि त्याचं नाव तीन पात्यांवर तुकड्यातुकड्यांनी रंगवलेलं होतं. रायर सकाळी आले की आधी पंखा बंद करायचे. तंजावरचा उन्हाळा, पाती गरगरत गरगरत थांबेपर्यंत आम्ही घामानं निथळायचो आणि हे मान वर करून उभे. नाव वाचून झालं की पंखा सुरू. एकदा मी वैतागून विचारलं, की मामा, हे रोज कशाला?

"गे पोरी, वारा घेतों तर नांव वाचायला नको कां? फिरतां फिरतां नांव दिसत नाहीं. बिचारा दिवसभर फिरतो अहे."

सगळी स्टाफरूम हसली. कौतुकानं. मी पंखा बंद केला असता तर माझी तक्रार प्रिन्सिपॉलकडे गेली असती. हेवा वाटतो म्हणते तो असल्या गोष्टींचा.

त्यांची चित्रंही तसलीच. तंजावरी चित्र म्हणजे सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, मधोमध गुबगुबीत बाळकृष्ण. हे शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण स्वतःसाठी ते काढायचे ती चित्रं दात्यांची. पायरीवर, दिव्यावर नाव वाचायचं आणि तो माणूस कसा असेल ते मनानं रचायचं. कधी पाहिलेलं नाही, माहिती काढायची नाही. सुपारीवाला असा, भाताच्या गिरणीचा मालक तसा, कुणी विधवा बाई, कुणी बस कंडक्टर. सगळे देवासारखे मखरात बसलेले, भोवती अस्सल वर्ख. कंडक्टरच्या गळ्यात सोन्याची पिशवी. ही चित्रं काचेवर काढलेली आणि मागून ट्यूबलाइट लावलेली. देवाची चित्रं सगळेच काढतात, ट्यूबलाइट देणाऱ्याचं कोण काढतं, असं त्यांचं म्हणणं.

मला हा थिल्लरपणा वाटायचा. कारण मी स्वतः फार गंभीर काम करत होते. टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या मराठी घरांतून हिंडत होते. म्हाताऱ्या बायकांच्या पाळण्याच्या ओव्या, भांडणं, नवसाच्या गोष्टी, रसमाच्या कृती, सगळं त्यांच्या बोलीत ध्वनिमुद्रित करत होते. नातवंडांना ते कळायचं, पण बोलता येत नव्हतं. या बायका गेल्या की बोलणं गेलं. ओरत्तनाडच्या छत्रमच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या, जुन्या घरांच्या न्हाणीघरांच्या, देव्हाऱ्यांच्या स्लाइड्स मी काढल्या होत्या. याचं एक मल्टिमीडिया प्रदर्शन करायचं, हे माझं स्वप्न. एका भिंतीवर स्लाइड्स, दुसरीकडे व्हिडिओ, कोपऱ्याकोपऱ्यातून आवाज. मल्टिमीडिया हा शब्द तेव्हा गावात मी आणला, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. लोकांनी तो उचलला रायरांच्या तोंडून. ते 'मल्टी-मिडिया' असं दोन तुकड्यांत म्हणायचे आणि ऐकणाऱ्याला मजा वाटायची.

प्रिन्सिपॉल म्हणाले, हॉल देतो, पण विभागाचं प्रदर्शन एकच, दोघांनी मिळून करा. आणि प्रोजेक्टर, टीव्ही, कॉम्प्युटर यांच्या भाड्याला कॉलेजकडे पैसा नाही, स्पॉन्सर आणा. दिवाळीच्या आत स्पॉन्सर मिळाला नाही तर हॉल वाणिज्य विभागाला. माझ्या बायकांतली सर्वांत थोरली तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिला स्वतःचा आवाज हॉलमध्ये ऐकवीन, असं मी वचन दिलं होतं. पुढच्या वर्षावर ढकलणं मला परवडणारं नव्हतं.

ते दिवसच स्पॉन्सरचे होते. बाजार उघडला होता. पेट्यांतून नवी शीतपेयं येत होती, घराघरावर केबलची वायर लोंबत होती, विक्री अधिकाऱ्यांच्या कमरेला पेजर आले होते. कॉलेजच्या व्हॉलीबॉलच्या जाळ्यालासुद्धा साबणाची जाहिरात. मला वाटलं, आपल्याला कोण नाही म्हणणार? मी इंग्रजीत प्रस्ताव टाइप करून घेतला, स्पायरल बाइंडिंग करून घेतला. तुमचं बोधचिन्ह प्रवेशद्वारावर, निमंत्रणावर, प्रत्येक टीव्हीवर, असं त्यात ठासून लिहिलं. स्कूटरवाल्यांकडे गेले, सिमेंटवाल्यांकडे गेले, नव्या खासगी बँकेत गेले. टाय लावलेले तरुण माझा प्रस्ताव चाळायचे, कॉफी पाजायचे आणि मद्रासच्या ऑफिसला कळवतो म्हणायचे. मद्रासहून कधी काही आलं नाही.

रायर यातल्या एकाही ठिकाणी आले नाहीत. ते त्या दिवसांत देवनागरी शिकत होते, माझ्याकडे. निमंत्रणावर तमिळ, इंग्रजी आणि आपली मराठी अशा तिन्ही लिपींत लिहायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. दुपारी डबा झाला की ते पाटी घेऊन बसायचे. हात चित्रकाराचा, त्यामुळे अक्षरं देखणी. फक्त एक अडलं. भ येईना. तमिळमध्ये प, ब, भ सगळ्यांना एकच अक्षर, त्यामुळे भ हे अक्षर वेगळं असावं हेच त्यांना पटत नव्हतं. आणि मी काढून दाखवलेल्या भ च्या डोक्यावरची रेघ डाव्या बाजूला तुटलेली पाहून ते अस्वस्थ व्हायचे. वरचं छप्पर फुटलं अहे, म्हणायचे, पावसांत अक्षर भिजेल. आणि पूर्ण रेघ ओढायचे. मी म्हणायची, मामा, असं केलंत तर तो म होतो. ते म्हणायचे, होऊं दे, वाळलेला तरी राहील.

शेवटी एक जण उरला. कोइम्बतूरकडच्या एका पंपसेट कंपनीचे मालक आमच्या गावच्या शाखेत येणार होते. कावेरीच्या खोऱ्यात शेताशेतावर त्यांचे पंप. मी भेटीची वेळ घेतली आणि प्रिन्सिपॉलांनी रायरांना माझ्याबरोबर पाठवलं. मी आदल्या दिवशी त्यांना बजावलं की मामा, तुम्ही बोलू नका, मी बोलते. त्यांनी मान डोलावली. हा माणूस मान डोलावतो तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मालक साठीचे, पांढरी वेष्टी, पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. टाय नाही, पेजर नाही. मी तमिळमध्ये नीट मांडणी केली. म्हाताऱ्यांचे आवाज, मरणारी बोली, स्लाइड्स, व्हिडिओ. त्यांनी प्रस्ताव उघडलाही नाही. विचारलं, माझं नाव कुठे येणार? मी जागा मोजून दाखवल्या. ते म्हणाले, अम्मा, माझं नाव खोऱ्यातल्या प्रत्येक पंपावर आहे, म्हशी रोज त्यावर अंग घासतात, आणखी कुठे लावून मी काय करू? आणि घड्याळाकडे पाहिलं. संपलं, असं मला वाटलं.

तेव्हा रायरांनी शबनममधून एक पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला. निमंत्रणाचा नमुना. वर्ख लावलेला, हातानं लिहिलेला. तमिळमध्ये 'उपयम्' आणि कंपनीचं नाव, खाली इंग्रजीत तेच, आणि सगळ्यात खाली देवनागरीत त्यांच्या देखण्या अक्षरांत 'उमय' आणि कंपनीचं नाव. मालकांनी पुठ्ठा उचलला. चेहरा बदलला. इतका वेळ मी घसा फोडत होते आणि यांच्या एका पुठ्ठ्यानं माणूस खुर्चीत पुढे सरकला. माझा तोल गेला.

मी तिथेच, मालकांसमोर, तमिळमध्ये सांगितलं की हे खालचं चूक आहे. दोनदा चूक. एक तर मूळ शब्द उभय, त्यात भ च्या जागी म पडला आहे. आणि भ बरोबर घातला तरी मराठीत उभय म्हणजे कुणी दिलेलं असा अर्थच होत नाही. मराठीत उभय म्हणजे दोघं. ही पाटी वाचणारा मराठी माणूस विचारील, पंप कंपनी आणि दुसरं कोण? रायरांना हा शब्द नुसता ऐकून ठाऊक आहे, वाचून नाही.

रायर पुठ्ठ्याकडे पाहत राहिले. कान लाल झालेले. खरं सांगते, मला इतका आनंद त्या सबंध वर्षात झाला नव्हता. शिपाई, प्रिन्सिपॉल, विद्यार्थी, सगळ्यांनी हे पाहायला हवं होतं, असं वाटलं.

मालकांनी मलाच विचारलं, दोघं? नक्की? मी म्हटलं, नक्की. मग त्यांनी रायरांना विचारलं, कोण दोघं?

रायरांनी पुठ्ठ्यावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. मग तमिळमध्ये हळूच म्हणाले, "एक देणारा आणि एक घेणारा. घेणारा नसला तर देणार कुणाला? एकट्यानं देणं होत नाही."

मालक खुर्चीला टेकले. म्हणाले, त्यांच्या वडिलांपासून घरातले सगळे देवळांना दिवे देत आले, सगळ्यांवर 'उपयम्' लिहिलं, आणि आजवर वाटत होतं की ते एकट्याचं आहे. मग हसले, मोठ्यानं, आणि म्हणाले की प्रोजेक्टर, टीव्ही, काय लागेल ते घ्या. फक्त पाटीवर दोन नावं हवीत. एक आमचं. दुसरं, घेणाऱ्याचं. ते कुणाचं?

रायरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचं. मागायला हीच दारोदार हिंडली."

पाहिलंत? चूक त्यांची, दुरुस्ती माझी, आणि त्या दुरुस्तीवर स्वार होऊन जिंकले कोण? रायर. वर पुन्हा मोठेपणा त्यांचा, की नाव मला दिलं. बाहेर आल्यावर मी ऑटोत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ते मात्र खुशीत होते. म्हणाले, पोरी, पुण्याचं शिक्षण कामांस आलं.

प्रदर्शन झालं. पाटीवर उभयम् म्हणून कंपनीचं आणि माझं नाव लागलं, आणि व्हायचं तेच झालं. स्थानिक तमिळ पेपरात आलं की रायरांचं अनोखं प्रदर्शन, पंप कंपनी आणि एका दानशूर प्राध्यापिकेच्या देणगीतून. दानशूर! दोन देवळांचे लोक माझ्याकडे कुंभाभिषेकासाठी वर्गणी मागायला आले. एकानं तर मंडपाच्या फरशीच्या खर्चाचा अंदाजही सोबत आणला होता.

गर्दी लोटली ती सगळी रायरांच्या काचांपुढे. सुपारीवाल्याची नातवंडं आली आणि आजोबा अगदी असेच होते म्हणाली. आजोबा तसे नव्हते, हे रायरांना आणि मला दोघांनाही ठाऊक. कंडक्टर स्वतः आला, अजून जिवंत होता, गळ्यातल्या सोन्याच्या पिशवीकडे पाहून रडला. माझ्या स्लाइड्सपुढे लोक पंख्याच्या वाऱ्याला म्हणून थांबायचे. माझी थोरली बाई खुर्चीत बसून आली, स्वतःचा आवाज ऐकला, ही कोण भांडखोर म्हातारी असं विचारून हसली आणि गेली. तिच्यापुरतं माझं वचन मी पाळलं. त्या पलीकडे माझ्या कोपऱ्यात रोज दुपारी येऊन बसणारा माणूस एकच होता. कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून, सगळ्या कॅसेटी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारा. रायर. मला एक अस्सल श्रोता मिळाला आणि तोही हाच. शेवटच्या दिवशी हेडफोन काढून म्हणाले, माझ्या चित्रांतलीं माणसं खोटीं, पोरी, तुझीं खरीं. हेवा करायलाही जागा ठेवत नव्हता हा माणूस.

पुढे पंप कंपनीच्या मालकांनी स्टाफरूमला नवा पंखा पाठवला. जुना बिचारा प्रयोगशाळेत गेला. पाती रायरांनी खाली सतरंजीवर मांडून स्वतः रंगवली. एका पात्यावर कंपनी. एका पात्यावर माझं नाव, देवनागरीत, अगदी शुद्ध, माझ्यासमोर तीनदा तपासून घेतलेलं. आणि तिसऱ्या पात्यावर तो शब्द. मी म्हटलं, मामा, तुमचं नाव कुठे? पाती तीनच अहेत, म्हणाले. चौथं असतं तरी त्यांनी कंडक्टरचं घातलं असतं.

ते निवृत्त झाले आणि दोन उन्हाळ्यांनी गेले. कॉलेजात शोकसभा झाली, मी बोलले, चांगलं बोलले असं सगळे म्हणाले. त्या सभेतही लोकांनी हसून हसून त्यांचेच किस्से सांगितले. माझ्यासाठी असे किस्से सांगणारं कुणी नसेल, हे मला तिथे बसल्या बसल्याच कळलं.

आता मी निवृत्तीला आले आहे. सकाळी स्टाफरूममध्ये आले की आधी पंखा बंद करते. नव्या मुली घाम पुसत एकमेकींकडे पाहतात. चुरमुरे मॅडमला हात कुणी लावायचा, म्हणून गप्प बसतात. मागच्या आठवड्यात त्यांच्यातली एक, हिंदी शिकलेली, पाती थांबल्यावर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, मॅडम, तुमचं नाव किती सुबक लिहिलंय. पण त्या तिसऱ्या पात्यावर चूक आहे. 'उमय' असा शब्दच नाही. भ हवा. थोडी रेघ खरवडली आणि एक बाक दिला की झालं, मी स्टूल आणू का? कुणी लिहिलंय हे?

मी वर पाहिलं. कंपनीचं नाव होतं, माझं नाव होतं. माझ्या नावाकडे पाहून या पोरीला काही विचारावंसं वाटलं नव्हतं. शुद्ध होतं, कुणीही लिहिलं असतं. विचारलं तिनं त्या चुकीबद्दल. नाव न घालता हा माणूस तिथे सही करून गेला होता, आणि मी मेले की माझं नाव वाचून कुणी मान वर करून उभं राहणार नव्हतं. पोट असं दुखलं म्हणता, की ओव्याचं पाणी काय करील.

ती स्टूल घेऊन आलीच. एक पाय वर ठेवलाही.

"खाली उतर," मी म्हटलं. "छप्पर काढू नकोस. भिजेल तो."

आणि पंखा सुरू केला.